मडकं वाजवून घ्यावं, खापर तापवून

पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "खापरावरून हजारो वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता काढता येते असं वाचलं. पण खापर ढिगाऱ्यात उलटंसुलटं पडलेलं असतं, त्याची मूळ दिशा हरवलेली असते. मग तुम्ही नेमकं मोजता काय? आणि एकाच थरातल्या दोन खापरांचे आकडे वेगळे आले तर विश्वास कशावर ठेवायचा?"

दिशेची चिंता सोडा, ते उत्तर सोपं आहे. क्षेत्राला दिशाही असते आणि तीव्रताही. दिशा काढायची तर चूल, भट्टी किंवा भाजलेली जमीन जागच्या जागी मिळावी लागते, आणि हलवण्याआधी तिच्यावर उत्तर दिशा व आडवी पातळी कोरून घ्यावी लागते. तीव्रतेसाठी यातलं काहीच लागत नाही. खापरात चुंबकत्व किती साठलं आहे एवढंच पाहायचं असतं. ते उकिरड्यावर पालथं पडलं होतं की उताणं, यानं काही बिघडत नाही. म्हणून तर संग्रहालयाच्या फडताळात कित्येक दशकं पडून राहिलेली वीटसुद्धा आमच्या कामाची असते.

आता साठतं काय ते सांगते. मातीत लोहाची ऑक्साइडं थोडी तरी असतातच. लाल मडक्याचा लाल रंग हेमेटाइटचा. हवा कोंडून, धुरात भाजलेल्या मडक्यात मॅग्नेटाइटचं प्रमाण वाढतं. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आणि हेमेटाइट ६८० च्या आसपास आपलं चुंबकत्व सोडून देतं. ही त्यांची क्युरी तापमानं. कुंभाराचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, थंड होऊ लागला की प्रत्येक बारीक कणाचं चुंबकत्व आपापल्या ठरावीक तापमानाला गोठतं: मोठ्या कणाचं वरच्या तापमानाला, अगदी बारीक कणाचं खाली. गोठताना कणांचा कल बाहेरच्या क्षेत्राकडे किंचित झुकलेला असतो. किंचितच, कारण पृथ्वीचं क्षेत्र फार दुबळं आहे. अलिबागच्या वेधशाळेत आज ते ४२-४३ मायक्रोटेस्ला (हे क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) भरतं. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक त्याच्या शंभरपटीहून सहज जास्त भरेल. क्षेत्र असं दुबळं असल्यामुळे एक मोठी सोय होते. साठलेलं चुंबकत्व क्षेत्राच्या सरळ प्रमाणात असतं, क्षेत्र दुप्पट तर साठाही दुप्पट. हे का घडतं याचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ साली मांडला. चुंबकत्वावरच्या त्यांच्या कामाला पुढे १९७० चं नोबेल मिळालं.

प्रत्येक खापरात लोह किती, कण केवढे, हे माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याच खापराला प्रयोगशाळेत पुन्हा तापवायचं आणि आपल्याला माहीत असलेल्या क्षेत्रात थंड करायचं. एका पारड्यात जुनं चुंबकत्व, दुसऱ्यात नवं. समजा भट्टीत मी ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र ठेवलं आणि जुनं चुंबकत्व नव्याच्या दीडपट निघालं, तर मडकं भाजलं त्या दिवशी क्षेत्र ६० मायक्रोटेस्ला होतं. कल्पना एवढीच आहे.

माझी बाकीची नोकरी या कल्पनेतला "पण" निस्तरण्यात गेली.

पण खापर पुन्हा तापवलं की ते तेच खापर राहत नाही. कुंभाराच्या उघड्या आव्यात सगळी मडकी सारखी भाजली जात नाहीत. खापर मोडून पाहिलंत तर बाहेर लाल आणि मध्ये काळा पट्टा दिसतो, तो तुम्हीही पाहिला असेल. तिथे भाजणी अर्धवट राहिलेली असते. मी ते ५०० अंशांवर नेलं की आतली खनिजं बदलतात, नवं मॅग्नेटाइट तयार होतं, आणि माझ्या पारड्यात असं चुंबकत्व येऊन पडतं जे कुंभाराच्या पारड्यात कधी नव्हतंच. परिणाम, प्राचीन क्षेत्र खोटंच कमी दिसतं. एकदाच तापवून एकदाच भागाकार केला तर हे कळायला मार्ग नाही, कारण आकडा तर छान येतो.

यावरचा तोडगा एमिल आणि ओडेट तेलिए या फ्रेंच दांपत्याचा. त्यांचा गाजलेला लेख १९५९ चा असला तरी आजही बहुतेक प्रयोगशाळा त्यांच्याच पद्धतीची कुठली ना कुठली सुधारित आवृत्ती वापरतात. खापर एकदम ६०० अंशांवर न्यायचं नाही. आधी १०० अंशांवर न्यायचं आणि शून्य क्षेत्रात थंड करायचं. म्हणजे १०० पर्यंत गोठणाऱ्या कणांचं जुनं चुंबकत्व पुसलं जातं. किती गेलं ते मोजायचं. मग पुन्हा १०० अंश, या वेळी माहीत असलेल्या क्षेत्रात थंड. किती आलं ते मोजायचं. मग १५०, २००, २५० असं चढत जायचं. प्रत्येक पायरीवर किती गेलं आणि किती आलं यांचं गुणोत्तर मिळतं. म्हणजे एका खापराला एकाऐवजी बारा-पंधरा वेळा तेच विचारायचं. उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं तर ठीक. मध्येच बदललं तर कुठल्या तापमानाला बदललं तेही कळतं.

हे सगळं एका आलेखावर मांडतात. उभ्या अक्षावर उरलेलं जुनं चुंबकत्व, आडव्यावर आलेलं नवं. अराई या जपानी संशोधकाच्या नावानं तो ओळखला जातो. चांगल्या खापराचे बिंदू डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत उतरतात आणि त्या रेषेचा उतार गुणिले माझं क्षेत्र हे उत्तर. शिवाय दर दोन-तीन पायऱ्यांनी मी मागे फिरते. ४०० अंश झाले की परत ३०० ला जाऊन पाहते, मघाशी ३०० ला जेवढं चुंबकत्व आलं होतं तेवढंच आता येतंय का. जास्त आलं तर मधल्या तापवण्यात माती बदलली, आणि तिथून पुढचे बिंदू कचऱ्यात. आपल्याकडे मडकं घेताना बाई ते बोटानं वाजवून घेतात. ही मागची फेरी म्हणजे आमचं वाजवून घेणं. फरक एवढाच की आमचं वाजवणं तीन-चार आठवडे चालतं, कारण एका तुकडीला तीसेक वेळा तापवून थंड करावं लागतं, आणि तेही अशा जाड चुंबकरोधी कवचाच्या भट्टीत की बाहेरून जाणाऱ्या लिफ्टचासुद्धा परिणाम होऊ नये.

वाजवल्यावर बद्द आवाज देणारी खापरं कुठली, तेही सांगते. एक प्रकार वर आलाच, अर्धवट भाजलेलं. दुसरा, मोठ्या कणांचं. मॅग्नेटाइटचा कण मोठा असला की त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे चुंबकीय कप्पे पडतात, आणि तो ज्या तापमानाला गोठतो त्याच तापमानाला सुटत नाही. मग आलेख सरळ न येता पोटात वाकतो. अशा वाकड्या रेषेच्या पहिल्या भागाला सरळ पट्टी लावली तर क्षेत्र जास्त दिसतं, शेवटच्या भागाला लावली तर कमी. कुठला भाग निवडायचा हे संशोधकाच्या मनावर राहतं, आणि मन नेहमी आवडत्या आकड्याकडे झुकतं. म्हणून मी वाकडी रेषा सरसकट बाद करते; ती सावरण्याची युक्ती मला कोणी शिकवू नये.

तिसरा प्रकार तुम्हा पुरातत्त्ववाल्यांना सांगायलाच हवा, तो म्हणजे रांधायचं भांडं. ते आव्यात एकदा भाजलं, मग चुलीवर रोज तापलं. त्याच्या बुडाशी चुलीच्या तापमानापर्यंतचं चुंबकत्व शेवटच्या स्वयंपाकाचं असतं आणि त्यावरचं आव्याचं. आलेखात दोन वेगळे उतार दिसतात. ते ओळखता येतात, पण काठाचा तुकडा मिळाला तर ही भानगडच उरत नाही. जळालेल्या घरातलं खापर मात्र वाया गेलं असं समजू नका. आग पुरेशी कडक असेल तर आधीचं सगळं पुसून आगीच्या दिवसाचं क्षेत्र नोंदलं जातं, आणि आगीची तारीख बहुतेकदा मडक्याच्या तारखेपेक्षा नेमकी माहीत असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. दोन खापरं, दोघांच्याही रेषा सरळ, तरी आकडे वेगळे. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा थांबून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत चाकावर घडवलेल्या वाडग्यांची एक तुकडी मी मोजली. रेषा इतक्या सरळ की फ्रेम करून लावाव्यात. तीव्रता मात्र त्याच थरातल्या विटांपेक्षा चांगलीच जास्त. महिनाभर मला वाटत होतं की काहीतरी नवं सापडलं. सापडलं होतं ते असं की वाडग्यांचे चपटे तुकडे मी नळीच्या तळाशी आडवे चिकटवले होते आणि भट्टीतलं क्षेत्र उभं होतं. कुंभार चाकावर माती दाबत, ओढत वर नेतो तेव्हा चुंबकीय कण भांड्याच्या भिंतीच्या प्रतलात लोळतात. त्या प्रतलात खापर सहज चुंबकित होतं, आडव्या छेदात नाखुशीनं. मी नेमक्या नाखुशीच्या दिशेनं क्षेत्र दिलं होतं, म्हणून माझं नवं चुंबकत्व कमी भरलं आणि जुनं फुगलं. आता प्रत्येक तुकड्याला सहा दिशांनी चुंबकित करून ही विषमता मोजल्याशिवाय मी आकडा कोणाला दाखवत नाही. पातळ भांड्यात ही दुरुस्ती दोन अंकी टक्क्यांत जाते. विटेत थोडकी असते.

दुसरी दुरुस्ती थंड होण्याच्या वेगाची. आवा निवायला एक रात्र लागते, माझी भट्टी अर्ध्या तासात निवते. बारीक कण सावकाश थंड झाले तर थोडं जास्त चुंबकत्व साठवतात. हे ध्यानात न घेता काढलेला आकडा पाच-दहा टक्के फुगलेला असू शकतो. म्हणून शेवटी एकदा तुकडा मुद्दाम सावकाश थंड करून पाहायचा.

या दोन्ही दुरुस्त्या पूर्वी सर्रास होत नसत. त्यामुळे जुन्या तक्त्यांतला आकडा आणि आजचा आकडा एका आलेखावर ठेवताना जपून. आपल्याकडे रा. ना. आठवले यांनी १९६६ सालीच "नेचर"मध्ये भारतातल्या गेल्या ४,००० वर्षांच्या क्षेत्र-तीव्रतेवर लेख प्रसिद्ध केला होता. त्या काळी, त्या साधनांनी केलेलं ते काम पाहून मला आजही अचंबा वाटतो. पण त्यातला बिंदू उचलून थेट आजच्या वक्राशी जुळवू नका.

इतकी यातायात कशासाठी, हे विचारलं नाहीत तरी सांगते. चुंबकसूची उत्तरेपासून किती ढळते हे खलाशी फार पूर्वीपासून टिपत आले. १५३८ साली लिस्बनहून गोव्याला येताना जुआंव द काश्त्रु या पोर्तुगीज दर्यावर्द्यानं वाटेत ठिकठिकाणी हे मोजून ठेवलं आहे. तीव्रता मोजण्याची निरपेक्ष पद्धत मात्र जर्मन गणितज्ञ गाउसनं १८३२ मध्ये दिली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हललं. म्हणजे जगातली सगळ्यात लांब थेट नोंदसुद्धा दोनशे वर्षांच्या आतली. या काळात पृथ्वीचं द्विध्रुवी (उत्तर-दक्षिण दोन ध्रुवांचं) चुंबकत्व सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी घटलं आहे. ही घट नेहमीची की जगावेगळी, हे ठरवायला गाउसच्या आधीचे आकडे हवेत, आणि ते मातीतच आहेत.

तिथून जे निघालं ते आजच्या उतरणीपेक्षा फार नाट्यमय आहे. इस्राएल-जॉर्डनच्या वाळवंटात तिम्ना आणि फायनान इथे लोहयुगात तांबं गाळत. तिथल्या मळीचे, म्हणजे धातू गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे, ढीगच्या ढीग पडले आहेत. मळी झटकन थंड होते, तिच्यातले कण बारीक राहतात आणि ढिगाच्या थराथरात कोळसा असल्यानं कालनिश्चिती करता येते. २००९ आणि २०११ मध्ये एरेझ बेन-योसेफ, रॉन शार, लिसा टॉक्स यांच्या गटानं या मळीवरून दाखवलं की इसवी सनपूर्व दहाव्या-नवव्या शतकांत तिथलं क्षेत्र आजच्या जवळपास दुप्पट झालं होतं. पुढे २०१७ मध्ये यहुदा या तिथल्या प्राचीन राज्याच्या राजमुद्रा उठवलेल्या रांजणांचे ६७ कान मोजले गेले. मुद्रा राज्यकारभाराबरोबर बदलत असल्यामुळे कानांची तारीख काही दशकांच्या आत धरता येते. त्यांत इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षेत्र पुन्हा उंचावर दिसलं आणि मग तीसेक वर्षांत पावहिश्शाहून अधिक उतरलं. आजची दोनशे वर्षांतली नऊ-दहा टक्क्यांची घट त्याच्याशेजारी ठेवून पाहा.

यावर भांडण झालं, आणि ते योग्यच होतं. क्षेत्र बनतं ते पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहातून. लिव्हरमोर, फुर्निए आणि गाले यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला की असा प्रवाह क्षेत्राला वर्षाकाठी अर्धा-एक मायक्रोटेस्लाच्या पलीकडे फारसा हलवू शकत नाही, आणि मळीच्या सुरुवातीच्या आकड्यांना तर वर्षाला चार-पाच लागत होते. नंतर जास्त नमुने आणि नेमक्या तारखा आल्या तसा तो वेग खाली आला. उंची मात्र टिकली. मला विचाराल तर हीच या विषयाची खरी परीक्षा होती: तीव्रतेचा आकडा बहुधा बरोबर होता, चूक होती ती दोन आकड्यांमधल्या वर्षांच्या मोजणीत. तारीख वीस वर्षांनी सरकली तरी वेग दुप्पट होऊ शकतो. म्हणून तुमच्याकडून खापराइतकीच थराची नोंद नीट यायला हवी.

२०२३ मध्ये आलेलं मेसोपोटेमियाच्या विटांचं काम याच कारणानं मला आवडतं. इराकमधल्या स्लेमानी संग्रहालयातल्या ३२ विटा, प्रत्येकीवर राजाचं नाव कोरलेलं, एकूण १२ राजे. विटेच्या फुटक्या बाजूचा दोन-एक मिलिमीटरचा कण पुरला. राजा माहीत म्हणजे तारीख माहीत. बाबिलोनचा राजा दुसरा नेबुखदनेझर याच्या कारकिर्दीतल्या पाच विटांमध्ये तर एकाच राजवटीत क्षेत्र झपाट्यानं बदललेलं दिसलं. लोहयुगातला चढही या विटांनी दाखवला, म्हणजे तो तिम्ना-फायनानपुरता नव्हता.

कालनिश्चितीच्या बाबतीत याचा उलटा उपयोग होतो. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या काळात कार्बन-१४ वरून तारीख काढायचा वक्र जवळजवळ सपाट आहे. तिथे कार्बन तारीख मागितली तर चार शतकं हातात येतात. त्याच सुमारास चुंबकीय तीव्रता मात्र भराभर वरखाली होते आहे. एक घड्याळ थांबलं असताना दुसरं पळतंय. पण त्यासाठी त्या प्रदेशाचा संदर्भवक्र आधी तयार हवा. यहुदाचा वक्र दख्खनला लावता येत नाही.

दख्खनचा विषय निघालाच आहे तर माझा स्वार्थ सांगून टाकते. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथल्या जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीचा उत्तर, म्हणजे नंतरचा, काळ साधारण इसवी सनपूर्व १००० ते ७००, म्हणजे वर सांगितलेल्या चढाचाच काळ. जोर्वे भांडं चांगलं भाजलेलं, लाल, वाजवलं तर खणखणीत. आमच्या भाषेत, पहिल्या परीक्षेत पास. अडचण मातीची आहे: बसाल्टची माती लोहानं समृद्ध, त्यामुळे चुंबकत्व भरपूर, पण तिच्यात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे मोठे कणही असतात आणि रेषा वाकतात. म्हणून इथे एका थरातली दोन खापरं पाठवून भागत नाही, दहा-बारा लागतात. त्यातली निम्मी बाद होतील हे धरूनच चालायचं. एकाच भांड्याचे दहा तुकडे नकोत, दहा वेगळ्या भांड्यांचा एकेक हवा.

आणि विश्वास कशावर ठेवायचा? एका खापराच्या आकड्यावर नाही, मग रेषा कितीही सरळ असो. तीन-चार वेगळी भांडी, शक्यतो जाड आणि पातळ दोन्ही, दुरुस्त्यांनंतर दहा टक्क्यांच्या आत एकमेकांशी जुळली तर मी तो आकडा वापरते. नाही जुळली तर थर मिसळलेला आहे का हे आधी तुम्हाला विचारते. निम्म्या वेळा उत्तर "हो, तिथे नंतरचा खड्डा होता" असं येतं.

खापरं धुतलीत तरी चालेल, शाईनं क्रमांक घातलात तरी चालेल. शेकोटीजवळ किंवा ओव्हनमध्ये वाळवू नका. आणि लोह आहे का हे पाहायला हौसेनं चुंबक लावून बघायची सवय अनेक शिबिरांत असते, ती एवढ्या खापरांपुरती आवरा. एका स्पर्शात अख्ख्या तुकड्यावर नवं चुंबकत्व चढतं आणि माझे पहिले कित्येक दिवस तेच उतरवण्यात जातात. खोक्यावर जाड अक्षरांत लिहिलंत तर बरं, कारण खोकं वाटेत कोण उघडेल सांगता येत नाही.